डोळ्यांत पाणी आलं म्हणजे वास आला असं नाही

पत्र : डॉक्टर, मी ५४ वर्षांची, राहणार सांगली जिल्ह्यात. बरीच वर्षं उन्हाळ्यात कांदा-लसूण मसाला करून विकते. दिवाळीनंतर सर्दी-तापाची साथ आली, त्यात मी आठवडाभर अंथरुणात होते. ताप गेला, पण वास आणि चव परत आली नाही. आधी काहीच कळत नव्हतं. आता महिन्याभरापासून कांदा भाजायला घेतला की रबर जळल्यासारखी घाण येते. कॉफी तर नकोच वाटते. वरणात मीठ आहे की नाही ते कळतं, पण वरण वरणासारखं लागत नाही. जेवण कमी झालं, वजन उतरलं. इथल्या डॉक्टरांनी स्पिरिटचा बोळा नाकाशी धरला, मला झोंबलं. ते म्हणाले, नाक ठीक आहे, मनावर घेऊ नका. मुलगा कांदा चिरून समोर धरतो आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं की म्हणतो, ‘आई, येतोय की वास!’ मेडिकलवाल्यानं ताकदीच्या आणि सुजेच्या गोळ्या दिल्या, त्या घेतल्या. शुगरची गोळी चालू आहे. वास आणि चव तपासायची काही रीतसर पद्धत असते का, की हे खरंच मनाचं आहे? मसाल्याच्या ऑर्डरी आता सुरू होतील. घेऊ की नको?

उत्तर :

ताई, हे मनाचं नाही, आणि बहुतेक जिभेचंही नाही. तुमच्या पत्रातल्या दोनच गोष्टींवरून मी हे म्हणतोय. मीठ कळतं, म्हणजे जीभ आपलं काम करते आहे. कांदा भाजला की रबर जळल्यासारखं येतं, म्हणजे वास ओळखणारी यंत्रणा आधी बंद पडली होती आणि आता वेडीवाकडी का होईना, चालायला लागली आहे. तापाच्या साथीनंतर हे असं होतं. कोविडच्या काळात घरोघरी झालं, पण त्याआधीही साध्या सर्दीच्या विषाणूंनी व्हायचंच. फक्त तेव्हा कुणी पत्र लिहून विचारत नव्हतं.

आधी त्या बोळ्याचं बघू, कारण सगळा घोळ तिथून सुरू झाला. नाकात दोन वेगवेगळ्या नसा काम करतात. मेंदूपासून निघणाऱ्या १२ जोड्यांपैकी पहिली वासाची. तिची टोकं नाकाच्या अगदी छताशी, डोळ्यांच्या पातळीला, आतल्या अस्तराच्या एका लहानशा पट्ट्यात असतात. दुसरी नस म्हणजे पाचवी जोडी, ट्रायजेमिनल. चेहऱ्याचा स्पर्श, दुखणं, आग, गारवा हे सगळं तिच्याकडे. स्पिरिट नाकाला टेकवलं की झोंबतं ते या पाचव्या नसेला. अमोनिया, विक्स, कापूर, पेपरमिंट यांचंही तेच, कुणाचं जास्त, कुणाचं कमी. चिरलेल्या कांद्यानं डोळ्यांत पाणी येतं तेही तिच्यामुळेच. ज्याची वासाची नस पूर्ण मेली आहे, त्याच्या नाकाखाली अमोनिया धरा, तोही डोकं मागे घेईल. म्हणून वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षांतच शिकवतात की वास तपासताना झोंबणारे पदार्थ वापरू नका. उलट, ‘मला अमोनियासुद्धा जाणवत नाही’ असं कुणी सांगितलं तर आमच्या भुवया उंचावतात, कारण वास गेला तरी झोंबणं सहसा जात नाही.

चिरंजीवांना एवढा परिच्छेद वाचून दाखवा.

तुमच्या डॉक्टरांवर मात्र रागावू नका. बाहेर पन्नास माणसं बसलेली असताना पहिली नस तपासायला कुणाला वेळ असतो? मोठमोठ्या रुग्णालयांतल्या केसपेपरवरही ‘दुसरी ते बारावी नस : ठीक’ असं लिहिलेलं असतं, आणि पहिलीचं नावच नसतं. आमच्या धंद्यातली ही जुनी थट्टा आहे, आणि ती खरी आहे. गंमत म्हणजे स्पिरिटचाच बोळा घेऊन एक चांगली चाचणी करता येते. रुग्णानं डोळे मिटायचे, तोंड बंद ठेवायचं. बोळा नाकापासून ३० सेंटीमीटर खाली धरायचा आणि प्रत्येक श्वास सोडताना एकेक सेंटीमीटर वर आणायचा. ‘आला’ म्हणाल तिथे पट्टीनं अंतर मोजायचं. दुरून येतो तो वास असतो. अगदी नाकाशी आल्यावर जे कळतं, ते झोंबणं असू शकतं. बोळा तोच, फक्त धरायची जागा चुकली.

आता रीतसर पद्धतींविषयी. जगभर दोन जास्त चालतात.

एक अमेरिकेतली, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रिचर्ड डोटी आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये आणलेली. ४ लहान पुस्तिका, त्यांत ४० पानं. प्रत्येक पानावर एक तपकिरी पट्टी असते, ती पेन्सिलीनं खरवडली की वास सुटतो. खाली चार पर्याय असतात, त्यातला एक निवडायचाच. काहीच कळलं नाही तरी अंदाजानं निवडायचा, रिकामं सोडायचं नाही. यात एक हुशारी आहे. ज्याला काहीच वास येत नाही, त्याचे नुसत्या अंदाजानं ४० पैकी १० च्या आसपास बरोबर येतील. एखाद्याचे दोनच आले, तर त्याला बरोबर उत्तर माहीत होतं आणि तो ते मुद्दाम टाळत होता असा संशय येतो. अपघाताच्या भरपाईच्या दाव्यांत ही गोष्ट कामाला येते. पण तुमच्यासारखीलाही येते. ‘मनाचं आहे’ म्हणणाऱ्यांसमोर कागदावर आकडा ठेवता येतो.

दुसरी जर्मनीतली, १९९७ पासूनची. नाव ‘स्निफिन स्टिक्स’. स्केचपेनसारखी पेनं, पण शाईच्या जागी वास. टोपण काढून पेन नाकासमोर साधारण दोन सेंटीमीटरवर दोन-तीन सेकंद धरतात. हिचे तीन भाग आहेत आणि तिन्ही वेगवेगळं सांगतात. पहिल्यात किती कमी वास कळतो ते पाहतात. एकाच वासाच्या १६ पायऱ्या असतात, प्रत्येक पायरीला तीन पेनं, त्यांतल्या एकातच वास. बरोबर ओळखलं की वास आणखी पातळ, चुकलं की पुन्हा दाट, असं वरखाली करत तुमची सीमा शोधतात. दुसऱ्या भागात तीन पेनांतलं वेगळं कुठलं ते सांगायचं, नाव विचारत नाहीत. तिसऱ्यात चार पर्यायांतून नाव ओळखायचं. प्रत्येकाला १६ गुण, एकूण ४८. साधारण ३० च्या वर असेल तर ठीक, १६ किंवा त्याखाली असेल तर व्यवहारात वास गेलेलाच समजायचा. मधले सगळे ‘कमी झालाय’ या खात्यात. वय वाढेल तसा आकडा थोडा खाली येतो, ते लक्षात घेऊनच वाचायचा.

मला विचाराल तर तिन्ही भागांत पहिला सगळ्यांत प्रामाणिक. नाव ओळखण्याच्या भागात संस्कृतीची भेसळ होते. अमेरिकन पुस्तिकेत रूट बिअर आहे, बडीशेपेसारख्या पाल्यात मुरवलेली काकडी आहे, जिंजरब्रेड आहे. जर्मन पेनांत ज्येष्ठमधाच्या काळ्या मिठाईचा वास आहे. सांगलीच्या बाईनं हे ओळखावं अशी अपेक्षा ठेवायची आणि गुण कापायचे, हा अन्याय आहे. ज्या वासाशी कधी गाठच पडली नाही, त्याचं नाव कुठून आणायचं? म्हणून निरनिराळ्या देशांत आपापल्या ओळखीचे वास घालून संच बनवले गेले, आपल्याकडेही असे प्रयत्न झाले आहेत. लवंग, कॉफी, केळं, लसूण, संत्रं, गुलाब हे वास तिकडेही ओळखीचे आहेत आणि आपल्याकडेही.

हे किट सगळ्या दवाखान्यांत मिळणार नाही, तालुक्याला तर नाहीच. पण मनात आणलं तर कुठलाही कान-नाक-घसा तज्ज्ञ चार गडद बाटल्यांत लवंग, कॉफी, हिंग, साबण ठेवून, एक बाटली रिकामी ठेवून, पाच मिनिटांत पुरेसं काही शोधू शकतो. अटी दोनच. डोळे मिटलेले हवेत, आणि एका वेळी एकच नाकपुडी, दुसरी बोटानं बंद. दोन्ही नाकपुड्या एकत्र तपासल्या तर चांगली बाजू वाईट बाजूला झाकून टाकते. विषाणूमुळे गेलेला वास बहुतेक दोन्हीकडे सारखा जातो. एकाच बाजूचा गेला असेल तर आम्हाला त्या बाजूला काही अडलंय का, वाढलंय का, ते बघावं लागतं. म्हणून जाल तेव्हा सरळ विचारा, ‘दोन्ही नाकपुड्या वेगवेगळ्या तपासाल का?’

आता चव. लोक ‘चव गेली’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा गेलेला असतो वास. घास चावताना त्याचा वास घशामागून वर नाकात चढतो, आणि वरणाचं ‘वरणपण’, आमटीचं ‘आमटीपण’ तिथे ठरतं. जिभेकडे फक्त गोड, खारट, आंबट, कडू आणि जपानी शास्त्रज्ञ इकेदा यांनी १९०८ मध्ये दाखवलेली ती पाचवी, उमामी, म्हणजे रश्श्यात लागते तशी मुरलेली चव. आपल्या षड्रसांत तिखट आणि तुरटही आहेत, पण दवाखान्यातल्या चाचणीत ते नसतात, कारण त्यांचं काम बरंचसं आग आणि स्पर्श जाणणाऱ्या नसांवर चालतं. १९९१ मध्ये त्याच पेनसिल्व्हेनियाच्या केंद्रानं वास-चवीच्या तक्रारी घेऊन आलेल्या ७५० रुग्णांचा हिशेब मांडला होता. चव मोजून खरोखर बिघडलेली सापडली ४ टक्क्यांपेक्षाही कमी लोकांत.

याची शहानिशा तुम्ही आजच घरी करू शकता. संत्र्याची किंवा लिंबाची साधी गोळी घ्या, पेपरमिंटची नको. नाक चिमटीत घट्ट धरा, डोळे मिटा, मुलाला गोळी तोंडात टाकायला सांगा. गोड-आंबट एवढंच कळेल. मग चघळता चघळता नाक सोडा. शाबूत माणसाला त्याच क्षणी ‘संत्रं!’ असं उमगतं. तुम्हाला नाक सोडल्यावरही काही फरक पडला नाही, तर दोष कुठे आहे ते कळलं. मग हीच चाचणी मुलावर करून बघा, म्हणजे त्यालाही तुमचं जेवण कसं लागतं ते कळेल.

दवाखान्यात चव मोजतात ती द्रवाच्या थेंबांनी किंवा गाळणकागदाच्या पट्ट्यांनी. साखर, मीठ, सायट्रिक आम्ल आणि क्विनीन, प्रत्येकाच्या चार तीव्रता. जीभ बाहेर काढून ठेवायची. डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळं लावतात. जीभ आत न घेता समोरच्या कार्डावर बोट ठेवून गोड की कडू ते दाखवायचं. आत घेतली की लाळेबरोबर सगळीकडे पसरतं आणि चाचणी फुकट जाते. प्रत्येक वेळी पाण्यानं चूळ, आणि कडू शेवटी, कारण ते रेंगाळतं. विजेची पद्धतही आहे. जिभेवर धातूची लहान टिकली ठेवून अगदी थोडा प्रवाह सोडतात आणि तो कधी कळतो ते बघतात. लहानपणी चौकोनी सेलला जीभ लावून पाहिली असेल, तीच आंबट-धातूसारखी चव. पेसमेकर असेल तर ही करायची नाही.

या चाचण्यांची खरी गरज चेहऱ्याचा लकवा, कानाची शस्त्रक्रिया असल्या वेळी पडते, कारण जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव नेणारी नस कानाच्या पडद्यामागून जाते. मागचा तृतीयांश भाग वेगळ्या नसेकडे. आणि हो, शाळेच्या पुस्तकातला तो जिभेचा नकाशा, टोकाला गोड आणि मागे कडू, तो विसरा. सगळ्या चवी जिभेच्या सगळ्या चवकळ्यांच्या भागांत कळतात.

तुम्हाला ही सगळी यातायात बहुधा लागणार नाही. एक-दोन गोष्टी मात्र डॉक्टरांना सांगा. शुगरची गोळी मेटफॉर्मिन असेल तर काहींच्या तोंडाला तिच्यानं धातूसारखी चव येते. मनानं बंद करू नका, फक्त सांगा. तोंड कोरडं पडत असेल, जिभेवर पांढरा थर असेल, तेही सांगा. आणि मिश्री लावत असाल तर तेही, लाजू नका. निम्म्या बायका ते लपवतात आणि आम्ही भलतीकडे शोधत बसतो.

आता त्या ‘सुजेच्या’ गोळ्या. रिकामं पाकीट घेऊन जा. त्या स्टेरॉइडच्या निघाल्या तर शुगर वाढली असेल, रक्त तपासून घ्या. नाकात कोंब (मांसासारखी वाढ, पॉलिप) असतील किंवा सायनसची जुनी सूज असेल तर स्टेरॉइडचा उपयोग होतो, पण ते दुर्बिणीनं नाकाच्या छतापर्यंत बघूनच ठरतं. बाहेरून टॉर्च मारून तो भाग दिसत नाही. ही दुर्बीण तुमच्या तपासणीतला सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे, वासाच्या चाचणीइतकाच. एमआरआय सरसकट लागत नाही. तापानंतर लगेच वास गेला, एवढी स्पष्ट कहाणी असेल तर नाहीच. सर्दी-ताप काही नसताना हळूहळू वास जाणं, एकाच बाजूचा जाणं, सोबत डोकेदुखी किंवा दिसायला कमी होणं, असं असेल तर लागतो. इंटरनेटवर वाचून पार्किन्सनची धास्ती घेतली असेल तर सोडा. त्या आजारात वास कंप सुटण्याच्या कितीतरी वर्षं आधी कमी होऊ शकतो हे खरं आहे, पण तो असा एका तापात रातोरात जात नाही.

औषधापेक्षा जास्त भरवशाची गोष्ट म्हणजे वासाचा सराव. २००९ मध्ये जर्मनीतल्या थॉमस हुमेल यांच्या गटानं तो मांडला, आणि आता जगभर हाच पहिला सल्ला असतो. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सकाळी आणि रात्री, प्रत्येकाचा दहा-पंधरा सेकंद हलका वास घ्यायचा, मध्ये थोडं थांबायचं. घेताना तो वास पूर्वी कसा यायचा ते मनात आणायचं. निदान तीन महिने, जमलं तर सहा. कंटाळवाणं आहे, आणि बरेचजण मध्येच सोडतात. वासाच्या पेशी पुन्हा उगवू शकतात. त्यांचे धागे मेंदूकडे परत जाताना काही काळ चुकीचं जोडलं जातं, त्यातूनच भाजल्या कांद्याचं रबर होतं असं मानतात. कांदा, लसूण, कॉफी, अंडी, भाजलेलं-तळलेलं हेच सगळ्यांत जास्त बिघडतं. तुमच्या धंद्याला नेमकं तेच यावं हे वाईट, पण काही नाही त्यापेक्षा वाकडं येणं बरं. त्या काळात थंड किंवा कोमट खा. दही-भात, काकडी, फळं, भिजवलेली मूगडाळ चालते. वजन आणखी उतरू देऊ नका. मीठ-साखर वाढवून चव आणायचा मोह होईल, तो शुगरमुळे तुम्हाला महागात पडेल. त्यापेक्षा लिंबू पिळा, मिरचीचा ठसका वाढवा, कुरकुरीत काही सोबत घ्या.

ऑर्डरी घ्या. तिखटपणा तुम्हाला पूर्वीसारखाच कळेल, तो पाचव्या नसेचा प्रांत आहे आणि ती शाबूत आहे, त्या बोळ्यानं एवढं तरी सिद्ध केलं. मीठही कळेल. अडेल ते भाजण्यात. मिरची, खोबरं, तीळ कधी उतरवायचं हे तुम्ही नाकानं ठरवत आला असाल. यंदा ते काम रंगावर आणि घड्याळावर टाका, आणि सुनेला किंवा शेजारणीला कढईपाशी उभं करा. करपल्याचा वास तिला येईल, तुम्हाला येणार नाही. मालाची चव शेवटी दुसऱ्यानं बघितल्याशिवाय पाकीट बंद करायचं नाही.

आणि गॅसचं आज करा, दवाखान्याच्याही आधी. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात, आणि तुम्हाला तेच कळणार नाही. गॅस हवेपेक्षा जड, खाली साठतो. म्हणून गळतीची सूचना देणारं यंत्र जमिनीलगत बसवा. रात्री रेग्युलेटर बंद करायची सवय लावा. सुनेला वास आला तर दिव्याचं बटण न दाबता दारं-खिडक्या उघडून बाहेर पडा आणि १९०६ ला फोन करा. दूध, शिळी भाजी, तेल यांचाही वास घरातल्या दुसऱ्या कुणी घ्यायचा, आणि फ्रिजमधल्या डब्यांवर तारीख लिहायची.

चाचणीच्या दिवशी अत्तर, गजरा, सुवासिक तेल नको. निदान पंधरा मिनिटं आधी पाण्याशिवाय काही तोंडात नको. सर्दी झाली असेल तर दिवस पुढे ढकला. मिळालेला आकडा, बाजू आणि तारीख लिहून घ्या आणि तीन महिन्यांनी त्याच ठिकाणी त्याच पद्धतीनं पुन्हा मोजा. जर्मन पेनांवर साडेपाच गुणांच्या आसपास वाढ झाली तर रुग्णालाही फरक जाणवतो, एक-दोन गुणांची वरखाली धरायची नाही. विषाणूनंतरचा वास परत यायला वर्ष, कधी दोन वर्षंही लागतात. सगळ्यांचा पूर्ण येत नाही, हेही सांगून ठेवतो. दोन्ही आकडे मला कळवा, आणि तपासायला जाताना मुलाला सोबत न्या.